सेफ्टीसाठी अजून एक

४ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण पाणी कुठेतरी मुरतंय, आणि उद्या प्रसंग आलाच तर तारीखवार पुरावा हवा. ही वही कोणी वाचायची नाही. कपाटाच्या खणात, कुलपात. किल्ली बायकोला सापडणार नाही अशा जागी.

प्रकरण असं. आमचा बँड बावीस वर्षांचा. मी पहिल्या दिवसापासून ड्रम्सवर. गाते ती ताई. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण तिला सगळे ताईच म्हणतात. बावीस वर्षं आम्ही फक्त स्टेजवर वाजवलं. आता हिच्या डोक्यात रेकॉर्ड करायचं शिरलंय. दहा गाणी, स्टुडिओत. काल तालमीत तिने जाहीर केलं की रेकॉर्डवर जो वाजवेल तोच पुढच्या महिन्यात नव्या हॉलमधल्या कार्यक्रमाला स्टेजवर बसेल. हे सांगताना ती बाकी सगळ्यांकडे बघत होती. माझ्याकडे नाही. नोंद केली.

काळजीचं कारण नाही. दहा गाणी म्हणजे दहा टेक. एका गाण्याला दोनदा वाजवायची माझ्यावर वेळ आलेली नाही. ‘वन्स मोअर’ सोडून.

६ फेब्रुवारी

स्टुडिओचा पहिला दिवस. बोलावलं दहाला. मी सव्वानऊला हजर. दाराला कुलूप. यांचा कारभार तिथेच कळला.

बायको पोस्टात जायचं म्हणून सोबत निघाली होती. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मागे पडली. काहीतरी सांगत होती. ऐकू आलं नाही. नेहमीचंच.

स्टुडिओ म्हणजे खोलीत खोली. भिंतींना राखाडी स्पंज. टाळी वाजवली तर जागच्या जागी मरते. स्टेजवर मला एक माइक, तोही कधी चालू कधी बंद. इथे माझ्या एकट्याभोवती अकरा. इतके कान कशाला?

पलीकडे जाड काच. काचेमागे रेकॉर्डिस्ट. टक्कल, गळ्यात चष्मा, दिवसभर गरम पाणी पितो. तो बटण दाबून बोलला तरच मला ऐकू येतं. बटण सोडलं की नुसते ओठ हलतात. आज ताई, रेकॉर्डिस्ट आणि मुनी तिघे काचेमागे होते. (मुनी बेस गिटार वाजवतो. बोलत नाही म्हणून मुनी.) पहिल्या टेकनंतर तिघांचे ओठ हललेले मी पाहिले. मुनीचेसुद्धा. बावीस वर्षांत मुनी माझ्यासमोर एवढा बोललेला नाही.

मग बटण दाबून रेकॉर्डिस्ट म्हणाला, “छान, साहेब. सेफ्टीसाठी अजून एक.”

म्हणजे पहिला पास. दुसरा नुसता कपाटात ठेवायला. समाधान वाटलं.

संध्याकाळपर्यंत सेफ्टीसाठी नऊ झाले.

७ फेब्रुवारी, सकाळी आठ

रात्रभर विचार केला. दोष मशीनचा आहे.

स्टुडिओत कानाला हेडफोन लावतात. त्यात एक मशीन टक टक करत असतं. त्याला क्लिक म्हणतात. मिनिटाला ठरलेले ठोके, आणि आपण त्यांना धरून वाजवायचं. कालच्या नदीच्या गाण्याला बहात्तर ठोके लावले होते. ते मशीन रेंगाळतं. सुरुवातीला सोबत असतं, पुढच्या कडव्यात मागे राहतं. मी वळून बघावं तर लांब कुठेतरी टक. मग टक. बायकोसारखं.

स्टेजवर हा त्रास नाही. तिथे काठीवर काठी चारदा मी वाजवतो आणि सगळा बँड माझ्यामागे निघतो. तिथे मीच मशीन. दोन तासांचा कार्यक्रम आम्ही दीड तासाच्या आसपास संपवतो. आयोजक खूष, वॉचमन खूष. वेळेआधी संपणारे कलावंत किती आहेत?

स्टेजवर चूक झाली तर हवेत विरते. स्टुडिओत ती पडद्यावर मोठी करून दाखवतात. स्टेज म्हणजे मैदान, स्टुडिओ म्हणजे रक्त-लघवी तपासणी.

आणि ताईची ती छाती. तिला दम पुरत नाही. नदीच्या गाण्याची शेवटची ओळ लांब आहे, ती बावीस वर्षं मध्येच श्वास घेऊन तोडते. डॉक्टर झाले, वाफ झाली, फुगे फुगवून झाले. स्टेजवर मी तिला सांभाळून घेतो. ओळ लवकर संपवून देतो, म्हणजे तिला त्रास कमी. हे इथे कोण करणार? मशीन?

८ फेब्रुवारी

सेफ्टीसाठी चौदा. रेकॉर्डिस्टला मी स्पष्ट सांगितलं की तुमचं मशीन मागे पडतंय. त्याने गरम पाण्याचा घोट घेतला आणि मशीन कधी मागे पडत नाही असं म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही काचेमागून हळू करताय. त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून मला पाहिलं. चोराच्या मनात चांदणं.

१० फेब्रुवारी

स्टॉपवॉच आणलं. गुपचूप खिशात. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून मोजलं. एका मिनिटात बरोबर बहात्तर ठोके.

पुन्हा मोजलं. बहात्तर.

म्हणजे स्टॉपवॉच खराब.

११ फेब्रुवारी, दुपारी

स्टॉपवॉच घेऊन मेव्हण्यांकडे गेलो. बायकोचे थोरले भाऊ. घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला ते एक भिंग लावतात, माणसाशी बोलतानाही काढत नाहीत. त्यांनी स्टॉपवॉच उघडलं, दुसऱ्या तीन घड्याळांशेजारी ठेवलं, अर्धा तास पाहिलं. मला बसायला स्टूल दिलं. मी उभाच राहिलो. शेवटी झाकण लावून परत देताना म्हणाले, “अंगण सरळ आहे.”

दुकानापुढे अंगण नाहीच. फुटपाथ आहे. माणूस थकलाय बहुतेक.

किंवा तेही सामील आहेत. लग्नाच्या दिवशी मी ठरल्या वेळेच्या आधी तास-सव्वातास पोचलो होतो. मेव्हणे अर्धी दाढी करून दार उघडायला आले. तो राग अजून गेलेला नाही. घड्याळवाल्याने मनावर घेतलं तर तीन काय, तेरा घड्याळं एकदम हळू करता येतील.

आल्यावर हे लिहायला बसलो तर खणाची किल्ली सापडेना. शेवटी बायकोला विचारलं. तिने लगेच काढून दिली.

१३ फेब्रुवारी

नाडी मोजली. नाडीवर कोणाचा हात चालत नाही. बसल्या बसल्या शंभर. उत्तम तब्येत आहे. पण मशीनबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

बायकोला म्हटलं, सगळं जग हल्ली मंद झालंय, तुला जाणवतं का? ती स्वतःचं ताट घेत होती. माझं जेवण संपलं होतं, तिचं अजून वाढून व्हायचं होतं. ती म्हणाली, “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.” प्रश्न काय, उत्तर काय.

१६ फेब्रुवारी

आज माझं काम नव्हतं. ताईचं होतं. तरी गेलो. लक्ष ठेवायला.

नदीचं गाणं. ड्रम नाहीत, नुसती क्लिक आणि मुनीचा बेस. शेवटची ओळ आली. मी नेहमीच्या जागी तिचा श्वास ऐकायला थांबलो. श्वास आला नाही. ओळ चालूच राहिली, चालूच राहिली आणि सावकाश संपली. ताईने हेडफोन काढले, खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरली.

रेकॉर्डिस्टची करामत. श्वास कापून टाकतात, मला माहीत आहे. पण तो त्या वेळी पडद्याकडे बघतही नव्हता, चष्मा पुसत होता. आधीच काहीतरी लावून ठेवलं असणार.

तिला रडायला काय झालं हे मात्र कळलं नाही. जवळ जाऊन पाणी दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. असं तिने मला कधी पाहिलेलं नाही. मला उगीचच वाईट वाटलं. कशाचं, ते लिहिता येत नाही.

१९ फेब्रुवारी

निर्वाणीचा दिवस. नदीच्या गाण्याचे माझे ठोके. घोडामैदान जवळ आलं होतंच, आज मी मशीनला माझ्यामागे खेचून आणायचं ठरवून बसलो. सेफ्टीसाठी सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. तिसाव्याला काठी मोडली. एकतिसाव्यानंतर काचेमागे बरेच ओठ हलले. ताई नाही-नाही अशी मान हलवत होती. रेकॉर्डिस्ट दोन्ही हात पसरून काहीतरी समजावत होता. मुनीने माझ्याकडे बोट दाखवलं. मग ताईने टेबलावर हात आपटला. आवाज आला नाही, कप हलला तेवढं दिसलं.

मग बटण. “झालं, साहेब. मिळालं सगळं. आता तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

सगळं मिळालं. शब्द तारखेसकट लिहून ठेवतो. शेवटी मशीन नमलं.

८ मार्च

रेकॉर्ड आली. घरी लावली. दारं-खिडक्या लावून नदीचं गाणं तीनदा ऐकलं.

मीच. तोच माझा मोठा ड्रम, तीच झांज, डाव्या कडेला जरा चिरलेली. आणि काय संयम! ठोका पडतो, मग हवा खेळते, मग दुसरा ठोका. मी इतका चांगला वाजवतो हे मलाही माहीत नव्हतं. एकतिसावा टेक असणार. उगीच लोकांवर संशय घेतला.

रेकॉर्डिस्टला फोन करून मोठ्या मनाने अभिनंदन केलं. तो अडखळत म्हणाला, ठोके तुमचेच आहेत साहेब, आम्ही फक्त जागा दिल्या. नम्र माणूस आहे. माझं मत बदललं.

जेवताना बायकोलाही ऐकवलं. तिने घास हातातच ठेवला. “हे तुम्ही?” तिने दोनदा विचारलं. दोनदा.

१४ मार्च, दुपारी तीन

आज कार्यक्रम. सहाला आहे, मी पोचलो. हॉल नवा कोरा. ड्रम्स स्टेजच्या मधोमध, आणि माझ्याभोवती काचेची खोली. चारी बाजूंनी काच, वर झाकणसुद्धा. मुख्य कलाकाराला देतात तसं. तरी काच म्हटली की मला शंका येते.

रेकॉर्डिस्ट आज हॉलच्या टेबलावर बसणार आहे. कॉम्प्युटर घेऊन आलाय. गाण्याला कॉम्प्युटर कशाला? त्याने सगळ्यांना कानात घालायचं बोंडूक दिलं. त्यात क्लिक. मलाही दिलं. म्हणजे स्टेजवरही तेच मशीन. सापळा आहे.

ठरलं. पहिल्याच गाण्यात काढून खिशात टाकायचं. बावीस वर्षं या माणसांना मी नेलंय. आजही मीच नेणार.

१५ मार्च, सकाळी

अभूतपूर्व! लोक उभे राहिले. मी काचेतून पाहिलं.

बोंडूक खिशात टाकलं. खिशात टकटकत होतं, टकटकू दे म्हटलं. बँड मात्र फार मागे. मी जोर लावला, ते आणखी मागे. मुनीकडे डोळे वटारले तर त्याने मिटून घेतले. तरी मी सोडलं नाही. नदीच्या गाण्यात तर मी शेवटाला पोचलो तेव्हा ही मंडळी अजून शेवटच्या कडव्याच्या दारात होती. मी मोठेपणाने थांबलो. काठ्या खाली ठेवल्या, घाम पुसला, पाणी प्यायलो. ताईला मोकळं रान दिलं. प्रौढ कलावंताला कुठे गप्प बसायचं ते कळतं. आणि तिने ती ओळ स्टेजवर, सगळ्यांसमोर, एका दमात म्हटली. शेवटी माझ्या मौनानेच तिला बळ आलं.

एक तांत्रिक दोष. हॉलला एको भयंकर आहे. मी थांबल्यावरही माझे ड्रम्स हॉलमध्ये घुमत होते. जवळजवळ मिनिटभर. असा एको मी आयुष्यात ऐकलेला नाही.

बायको पहिल्या रांगेत होती. आज भाजी निवडताना म्हणाली, “तुम्ही पाणी पीत होतात ना, तेव्हा ड्रम वाजत होते.” तिला ध्वनी भिंतीवर आपटून कसा परत येतो ते समजावलं. तिने एक शेंग मोडली आणि पुढची घेतली.

हॉलच्या व्यवस्थापकाला पत्र टाकलं. एकोबद्दल. सविस्तर, दोन पानं, आकृतीसह.

१९ मार्च, दुपारी

ताई घरी आली. एकटी. हातात माझं पत्र. व्यवस्थापकाने तिला बोलावून विचारलं म्हणे की हे काय प्रकरण आहे, एको नाही म्हणून तर आमच्या हॉलचं नाव आहे.

बायको पाणी देऊन आत गेली. आत म्हणजे दाराआड.

“हॉलला एको नाही रे,” ताई म्हणाली. “तुझे माइक बंद होते.”

मी विचारलं, कोणी केले? मला वाटलंच होतं, तो टकल्या.

“मी करायला सांगितले. वाजत होतं ते कॉम्प्युटरमधून. रेकॉर्डवरचं.”

मग तिने सगळं सांगितलं. एकतीस टेकमधून माझा एकेक ठोका कापून काढला, आणि मशीनच्या ठोक्यावर नेऊन ठेवला. तीन दिवस लागले. रेकॉर्डिस्ट म्हणत होता, दुसरा वाजवणारा आणू, तासाभरात होईल. मुनीही तेच म्हणाला. (मुनी!) हिने टेबलावर हात आपटून सांगितलं की खुर्चीवर तोच बसेल, बाकीचं तुम्ही बघा.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, हो. मग ग्लास बाजूला सरकवला.

“बावीस वर्षं मी डॉक्टरांकडे जातेय. मला वाटायचं माझी छातीच लहान आहे. त्या दिवशी क्लिकवर गायले, आणि ओळ पुरली. श्वास उरला वर. माझी छाती ठीक आहे रे.”

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस.

“तू इतका आनंदात वाजवायचास,” ती म्हणाली. “आणि मला वाटायचं, मीच मागे पडतेय.”

बावीस वर्षं मी तिला सांभाळून घेत होतो.

जाताना बोंडूक टेबलावर ठेवून गेली, सोबत क्लिक वाजवणारी छोटी डबी. पुढचा कार्यक्रम मे महिन्यात आहे. हे कानात ठेवलंस तर माइक चालू, खिशात ठेवलंस तर बंद, तुझं तू ठरव म्हणाली. खुर्ची दोन्हीकडे तुझीच.

२० मार्च, सकाळी

स्टॉपवॉच बायकोच्या हातात दिलं. डोळे मिटले. मनात एक मिनिट मोजून ‘झालं’ म्हटलं.

अठ्ठेचाळीस सेकंद.

पुन्हा. सत्तेचाळीस. पुन्हा. अठ्ठेचाळीस.

माझं मिनिट बारा सेकंदांनी लहान आहे. बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती म्हणाली, लग्नाच्या दिवसापासून. दादालाही. मी म्हटलं, बरं, आता शेवटचं मोजू. तिने स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि म्हणाली, “हं. सेफ्टीसाठी अजून एक.”

हे वाक्य हिला कुठून कळलं? मी घरी कधी बोललेलो नाही. फक्त या वहीत आहे. आणि वही कुलपात आहे.

२१ मार्च, संध्याकाळी

बोंडूक कानात घातलं, बहात्तरवर लावलं आणि भाजी आणायला निघालो. टक, पाऊल. टक, पाऊल. जिवाचं पाणी पाणी झालं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे गेले.

दुसऱ्या कोपऱ्यावर बायको माझ्या शेजारी होती. तिसऱ्यावरही. एका कानात टकटक होती, दुसरा रिकामा. बाजार येईपर्यंत ती बोलत होती. शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, पोस्टातल्या बाईबद्दल, मोरीच्या नळाबद्दल, मी १९ तारखेला लिहिलेलं तिला आवडलं त्याबद्दल. एकही शब्द न सोडता ऐकलं. वाटेत ती इतकं बोलते हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं.

मे महिन्यापर्यंत रोज असंच चालायचं, असा संकल्प.

उद्या मशीन जरासं वाढवून बघावं, ऐंशीच्या आसपास. नळाचं अजून राहिलंय म्हणत होती, तेही वाटेत लवकर उरकेल.